मागण्याचा अधिकार : पंडिता रमाबाई आणि मुक्तीची प्रार्थना

ख्रिस्ती माणसाने प्रार्थना कशी करावी या विषयावर एका जैनाने लिहावे, हे काही वाचकांना जरा विचित्र वाटेल. पण हा विषय मला ओढून घेतो तो नेमक्या याच कारणाने. आमच्या घरांत लहानपणापासून जो णमोकार मंत्र म्हटला जातो, त्यात मागणे नाही. पंच परमेष्ठींना नमस्कार आहे. 'मला अमुक दे' असे एक अक्षर नाही. जो वीतराग झाला तो देणार काय आणि कशासाठी? व्रताच्या मोबदल्यात फळाची इच्छा धरणे याला आमच्या शास्त्रात 'निदान' म्हणतात, आणि माया व मिथ्यात्व यांच्या जोडीला ते तिसरे शल्य मानतात. (आम्हा डॉक्टरांचा दिवस वेगळ्याच निदानात जातो, तो भाग निराळा.) शास्त्र एक आणि व्यवहार एक, हे खरेच. भक्तामर स्तोत्र म्हणताना रोग जावा, कज्जा सुटावा असे मनात धरणारे श्रावक पुष्कळ आहेत. तरी तत्त्व म्हणून पाहिले तर मागणे ही आमच्याकडे खालची पायरी.

ख्रिस्ती परंपरेत नेमके याच्या उलट सांगितलेले आहे. मागा, आणि मागतच राहा. लूकच्या शुभवर्तमानात यासाठी दोन दृष्टान्त आले आहेत. पहिला अकराव्या अध्यायातला. एका माणसाकडे मध्यरात्री पाहुणा येतो, घरात भाकरी नाही, म्हणून तो मित्राचे दार ठोठावतो. मित्र आतून म्हणतो, मुले निजली आहेत, त्रास देऊ नकोस. पण शेवटी उठतो आणि देतो. का देतो? मैत्रीखातर नव्हे. मूळ ग्रीकमध्ये इथे 'अनाइदिया' असा शब्द आहे आणि त्याचा सरळ अर्थ निर्लज्जपणा. भाषांतरकारांनी बहुधा 'आग्रह' असे सौम्य रूप घेतले. पण मूळ शब्द उघडाबोडका आहे. दुसरा दृष्टान्त अठराव्या अध्यायातला, एका विधवेचा. गावचा न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाची पर्वा करत नाही. ही बाई रोज त्याच्यापुढे उभी राहते आणि माझा न्याय करा म्हणते. अखेर तो कंटाळून न्याय देतो. तो स्वतःशी जे म्हणतो त्यातले ग्रीक क्रियापद मुष्टियोद्ध्यांचे आहे : डोळ्याखाली ठोसा लगावणे. ही बाई मला काळानिळा करील, असा त्याचा सूर.

या गोष्टी सांगणाऱ्याला देव न्यायाधीशासारखा आहे असे म्हणायचे नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. इतका नाठाळ माणूससुद्धा देतो, मग बाप का देणार नाही, अशी ती मांडणी आहे. आणि त्याच येशूने पुष्कळ शब्द बडबडल्याने ऐकले जाते असे समजू नका, असेही बजावले आहे. म्हणजे जोर शब्दांच्या संख्येवर नाही. दारापासून न हलण्यावर आहे.

मराठी कानाला हे परके वाटू नये. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, नामदेव नैवेद्य खाच म्हणून हटून बसतो, तुकोबा देवाला दिवाळखोर ठरवायलाही कमी करत नाहीत. देवाशी भांडण्याची सवय आपल्या भाषेला जुनी आहे. पण ज्या स्त्रीविषयी मी लिहिणार आहे तिचा मार्ग वारीतून गेला नाही. तो गेला दुष्काळातून.

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे मूळ गाव कारकळजवळच्या माळ भागात. कारकळ म्हटले की आम्हा जैनांना तिथला 1432 सालचा बाहुबली आठवतो. त्याच परिसरातून हे चित्पावन कुटुंब निघाले. अनंतशास्त्र्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, लक्ष्मीबाईंनी मुलीला. पुढे सारे कुटुंब तीर्थाटनाला लागले. पुराणे सांगायची, मिळेल ते धर्मकृत्यात घालायचे, पुन्हा पुढच्या क्षेत्राकडे निघायचे. मग दक्षिणेत दुष्काळ आला. पोथीवाचनाला कुणी विचारीना, आणि अंगमेहनतीचे काम या घराने कधी केलेले नव्हते. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात हे दिवस लिहून ठेवले आहेत. या कुटुंबाने मागायचे बाकी ठेवले नव्हते. अनुष्ठाने केली, उपास केले, मूर्तीपुढे दिवस काढले, होते नव्हते ते दान केले. 1874 मध्ये वडील गेले, मागोमाग आई, मग थोरली बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले, आणि पायी हजारो मैल हिंडत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले.

वाचकहो, माझा खरा प्रश्न इथे सुरू होतो. चिकाटीने मागणे जिने इतक्या जवळून निष्फळ ठरलेले पाहिले, त्या बाईने पुढचे आयुष्य चिकाटीच्या मागणीवर कसे उभे केले? 'धर्म बदलला, म्हणून' हे उत्तर पुरेसे नाही. धर्म बदलणारे पुष्कळ असतात; मागणारे थोडे.

मला वाटते, उत्तराचा धागा कलकत्त्यात आहे. तिथल्या पंडितांनी विशीतल्या या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी मात्र विचारले, वेद वाचलेत का? स्त्रीला तो अधिकार नाही, असे रमाबाईंनी सांगितले. सेनांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत ठेवली. जिला सारे पुराण मुखोद्गत, तिला मूळ ग्रंथाला हात लावायचा अधिकार नाही, ही विसंगती रमाबाईंच्या मनात घर करून राहिली. आईवडिलांचे मागणेही त्यांना याच प्रकाशात दिसू लागले असावे. ते मागणे विधीतून, मध्यस्थातून आणि किंमत मोजून केलेले होते. किंमत संपली तसे मागणेही संपले. माणसाने काही न देता, कुणालाही मध्ये न घालता सरळ दार ठोठवावे की नाही, आणि तो माणूस विधवा असेल तर?

कारण एव्हाना त्या विधवा झाल्या होत्या. 1880 मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले, मनोरमा जन्मली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. तेवीस वर्षांची ही विधवा पुण्याला आली. विधवेने काय करावे याचे उत्तर तेव्हाच्या पुण्यात ठरलेले होते : पुढे येऊ नये, मागू नये, दिसू नये. त्याच वर्षी शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन पुण्यात आले तेव्हा रमाबाईंनी त्यापुढे मराठीत साक्ष दिली आणि दोन गोष्टी मागितल्या : मुलींसाठी शिक्षिका, आणि बायकांसाठी बायका डॉक्टर. लाजेमुळे हजारो स्त्रिया अकाली मरतात, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या धंद्यातल्या माणसाला याची सत्यता समजावून सांगावी लागत नाही. आजही विशिष्ट वयाच्या बाया दवाखान्यात येतात आणि विचारले की म्हणतात, 'काही नाही हो, बरं आहे.' दुखणे सांगणे हीसुद्धा एक मागणीच असते, आणि ती करण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या मोडून काढलेली असते.

रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकायला. बहिरेपण वाढत होते, त्यामुळे ते जमले नाही. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. नवख्या शिष्येने मान तुकवावी ही अपेक्षा. शिष्या मात्र प्रत्येक गोष्टीचे कारण विचारते. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत? त्रैक्याचा सिद्धान्त बायबलात कुठे आहे? अंडे घातलेले पुडिंग त्या खात नाहीत, हा सिस्टरना जातीचा उरलेला अहंकार वाटे. (माझ्यासारख्याला हा प्रसंग वाचून बाईंविषयी जास्तच आपुलकी वाटते, हे कबूल करतो.) त्यांनी इंग्रज पुरुषांना मराठी शिकवावे अशी एक सूचना निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, रमाबाईंनी ती हरकत मुकाट्याने गिळली नाही. ज्या बाईने बिशपापुढे आवाज खाली केला नाही, तिचा देवापुढचा आवाज कसा असेल, याचा अंदाज इथे येतो.

पुढची हकीकत मराठी वाचकाला बरीचशी ठाऊक आहे, म्हणून झपाट्याने सांगतो. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिका, 1887 मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे इंग्रजी पुस्तक, बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन आणि तिची दहा वर्षांच्या मदतीची हमी, 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन, पुढल्या वर्षी ते पुण्यात. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या नंतर आनंदीबाई कर्वे झाल्या.

1893 चा वाद मात्र प्रार्थनेचाच होता, म्हणून तिथे थांबतो. सदन धर्मनिरपेक्ष चालवायचे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, पालकांनी पंचवीसएक मुली नेल्या. पुण्याची बाजू अगदीच चुकीची होती असे मी म्हणणार नाही. विश्वासाने पाठवलेल्या मुलींविषयी पालकांना शंका वाटणे स्वाभाविक होते. अवलंबून असलेल्या मुलीपुढे उघडे दारसुद्धा एक आमंत्रणच असते. पण दार लावून प्रार्थना करा, एवढी साधी तडजोड रमाबाईंनी का नाकारली, हे समजून घ्यायला हवे. लपून मागणे त्यांना मंजूर नव्हते.

या सुमारास त्यांनी तीन पुस्तके वाचल्याचे त्या लिहितात : चीन इनलँड मिशनची कथा, न्यू हेब्रिडीजमधल्या जॉन पेटनचे चरित्र, आणि जॉर्ज म्यूलरची हकीकत. म्यूलर हा प्रशियात 1805 मध्ये जन्मलेला माणूस, ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवी. अॅशली डाउनवर त्याने एकामागून एक पाच इमारती उभ्या केल्या. दोन हजारांवर मुलांची सोय होती. त्याचा नेम असा, की गरज माणसांना सांगायची नाही, फक्त देवाला सांगायची, आणि मागितल्याची तारीख व मिळाल्याची तारीख वहीत टिपायची. होमिओपथीचा डॉक्टर केसपेपर ठेवतो तसा हा हिशेब. रमाबाईंना प्रश्न पडला, की हे इंग्लंडात घडते, मग हिंदुस्थानात का घडू नये?

त्यांनी म्यूलरचा धडा घेतला तो मात्र आपल्या पद्धतीने. माणसांना सांगायचे नाही हा भाग त्यांनी कधी तंतोतंत पाळला असे दिसत नाही. अहवाल निघत राहिले, नंतर 'मुक्ती प्रेअर बेल' हे पत्र निघाले. 1897 मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची दैना होते, हे त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून उघड केले. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. देवाजवळ मागते म्हणून सरकारजवळ मागत नाही, असा भेद या बाईने केला नाही. लूकमधल्या विधवेनेही न्याय न्यायाधीशाकडेच मागितला होता.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतःच्या लहानपणीचे सारे पुन्हा डोळ्यांपुढे होते. हाताशी पैसा नव्हता, बोस्टनच्या हमीची मुदत सरत आली होती, आणि त्यांनी सुमारे तीनशे मुली आणायचे ठरवले. पुण्याजवळ केडगावला शेतजमीन घेतलेली होती. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड हजारांच्या वर गेली. विणकाम, तेलघाणा, दूधदुभते, शेती, छापखाना, सारे बायकाच चालवीत. प्रार्थनेवर भिस्त ठेवणाऱ्यांना आळशी म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिने केडगाव पाहावे.

आता 1905. वेल्समध्ये आदल्या वर्षी धार्मिक जागृतीची मोठी लाट उठली होती, खासी टेकड्यांत तिचे पडसाद उमटत होते. मनोरमाबाई व मिनी अॅब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाई ऑस्ट्रेलियातून तिथल्या प्रार्थनामंडळांची माहिती घेऊन आल्या होत्या. जानेवारीत रमाबाईंनी मुक्तीत विचारले, रोज खास प्रार्थनेला कोण येईल? सत्तरएक जणी उठल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या आणि दिवसातून दोनदा जमू लागल्या. मागणे एकच होते, आणि सहा महिने तेच होते : पवित्र आत्म्याचा वर्षाव. जूनच्या अखेरीस ते घडले असे मुक्तीचा इतिहास सांगतो. मुली ओक्साबोक्शी रडू लागल्या, आपली पापे बोलून दाखवू लागल्या, शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या; काही जणी अनोळखी भाषेत बोलल्या. शाळेचे तास बाजूला पडले. त्यातून तयार झालेल्या टोळ्या गावोगाव प्रचाराला गेल्या.

यावर टीका झाली, आणि ती केवळ हिंदूंकडून नव्हे. गोऱ्या मिशनऱ्यांपैकी कित्येकांना हा गोंगाट अशोभनीय वाटला. रमाबाईंचे म्हणणे असे, की इथल्या बायकांनी इथल्या रीतीने रडावे, इथल्या रीतीने मागावे. प्रार्थनेला इंग्रजी शिस्तीचा गणवेश चढवण्याचे कारण नाही. बायबलातली हन्ना मंदिरात पुत्रासाठी व्याकूळ होऊन ओठ हलवीत होती तेव्हा एली या याजकाला ती दारू प्यालेली वाटली होती. धाडसाने मागणाऱ्याविषयी जवळच्या धार्मिक माणसांचाच गैरसमज होतो, हे त्या ग्रंथात जागोजाग आहे.

माझे व्यवसायबंधू 1905 च्या या प्रकाराला सामूहिक उन्माद म्हणतील. मला तो शब्द घाईचा वाटतो. या मुली कोण होत्या? 1897 आणि 1900 या सालांत आईबाप, भावंडे डोळ्यांदेखत मरताना पाहिलेल्या. कुणी बालविधवा, कुणी रस्त्यावरून उचललेल्या. त्यांच्या रडण्याला आजवर कुणी जागा दिली नव्हती. मुक्तीच्या प्रार्थनागृहात पहिल्यांदा त्यांना सांगण्यात आले, की मोठ्याने रडा, ऐकणारा आहे. ऐकणारा आहे की नाही, यावर माझा धर्म आणि त्यांचा धर्म वेगवेगळे उत्तर देतील. पण ज्या बाईला पाणवठ्यावरही पुढे जाऊन घागर भरता येत नव्हती, तिने विश्वाच्या धन्याकडे नाव घेऊन मागावे, यात तिच्या पाठीच्या कण्याचे काय होत असेल, हे मी वैद्य म्हणून विचारात घेतो.

या घटनेचे लांबवर धागे गेले. मिनी अॅब्रम्स यांनी 1906 मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. ती त्यांच्या जुन्या मैत्रिणीच्या हाती दक्षिण अमेरिकेत चिलीतल्या व्हॅल्पारायझो येथे पडली. तिचे पती विलिस हूव्हर तिथे मेथडिस्ट पाळक होते. 1909 मध्ये त्यांच्या मंडळीत तसेच घडले आणि चिलीच्या पेंटेकोस्टल पंथाचा उगम तिथला मानतात. पुण्याजवळच्या एका खेड्यातल्या दुष्काळग्रस्त मुलींचे मागणे पॅसिफिकच्या दुसऱ्या काठाला पोचले, ही गोष्ट मराठी इतिहासात का येत नाही, याचे मला नवल वाटते.

आता ज्या मागण्या पुऱ्या झाल्या नाहीत त्यांचे काय? ख्रिस्ती ग्रंथ हा प्रश्न टाळत नाही. पौलाच्या शरीरात कसला तरी काटा होता; तो जावा म्हणून त्याने तीनदा विनवले आणि तो गेला नाही. खुद्द येशूने गेथशेमानेच्या बागेत प्याला टळावा म्हणून मागितले आणि तो टळला नाही. मागण्याचा अधिकार म्हणजे मिळण्याची हमी नव्हे. आमच्या शास्त्रातले शल्य मागणाऱ्याच्या इच्छेत असते, पौलाचे शल्य मागूनही तसेच राहते. दोन्ही परंपरांनी एकच शब्द किती वेगळ्या जागी ठेवला आहे! रमाबाईंचे बहिरेपण कधी गेले नाही. मनोरमाबाई आईच्या मागे संस्था चालवतील अशी सगळ्यांची धारणा होती. गुलबर्ग्याला, निजामाच्या राज्यात, त्यांनी मुलींची शाळाही काढली होती. 24 जुलै 1921 रोजी त्या आईच्या आधी गेल्या.

रमाबाई त्या वेळी बायबलचे भाषांतर पुरे करण्यात गुंतल्या होत्या. उपलब्ध मराठी बायबल खेड्यातल्या बायकांना समजत नाही, त्यातले शब्द पंडिती आहेत, असे त्यांचे मत होते. म्हणून उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून वर्षानुवर्षे त्या हे काम करीत होत्या. मुलगी गेल्यावरही खिळे जुळवणे आणि मुद्रिते तपासणे चालू राहिले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. केडगावच्या छापखान्यात मुक्तीच्या बायकांनी छापलेला तो ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला.